रक्त काढणारा हात हलका, पण लॅबच्या पोटात काही राहत नाही

गोव्याच्या फोंड्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या घरी येऊन रक्त नेण्याच्या सर्व्हिसबद्दल लिहितेय. नाव मुद्दाम टाकत नाही, कारण नंतर चार जणांना विचारलं तर प्रत्येकाने आपापल्या लॅबची अशीच एक गोष्ट सांगितली, मग एकालाच कशाला फाशी. पण रिव्ह्यू वाचताना आपण काय बघतो, रेट किती, रिपोर्ट कधी, सुई दुखली का, एवढंच. तो रिपोर्ट गेला कुठे हे कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

आधी चांगलं सांगते. गणेश चवथीच्या आठदहा दिवस आधीची गोष्ट, पाऊस धो धो, आणि मला गेले दोन महिने सारखी तहान लागत होती, रात्री तीनतीनदा उठावं लागत होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या फास्टिंग, जेवणानंतरची आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी टेस्ट) करून घे. फोन केला तर दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला पोरगा दारात हजर. रेनकोट बाहेर खुंटीला लावला, हात धुवायला पाणी मागितलं, नवीन ग्लोव्ह्ज माझ्यासमोर फोडले. माझी शीर कधीच सापडत नाही, याआधी एका ठिकाणी तीनदा टोचून हात निळा केला होता, ह्याने रबरी पट्टा बांधला, दोन बोटांनी चाचपलं आणि एकाच फटक्यात काम. जांभळ्या टोपणाची नळी एचबीएवनसीला, करड्या टोपणाची शुगरला, दोन्हीवर तिथल्या तिथे बारकोडचा स्टिकर लावून मला नाव वाचून दाखवलं, "बरोबर ना वहिनी?" जेवणानंतर बरोबर दोन तासांनी परत आला. घरी येण्याचे शंभर रुपये जास्त, ते वसूल. त्या पोराला पाचपैकी पाच, त्याचा पगार वाढवा.

फॉर्म मात्र इंग्लिशमध्ये. बारीक अक्षर, खाली तीन चौकोन, तिन्हीत आधीच बरोबरच्या खुणा छापलेल्या. मी चष्मा शोधत होते तर तो म्हणाला, "हांगा (इथे) फक्त सही करात, सगळेच करतात." केली. ही माझी चूक, मान्य. नंतर नीट वाचलं तर तिसऱ्या चौकोनात लिहिलं होतं की माझी माहिती लॅबच्या "पार्टनर्स"ना आरोग्यविषयक ऑफर्ससाठी देता येईल. कोण पार्टनर, कसल्या ऑफर्स, काही नाही.

रिपोर्ट संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर येणार होता. सहा वाजले, सात वाजले, काही नाही. साडेसातला आमच्या फॅमिली ग्रुपवर टुंग वाजलं, बघते तर वास्कोला राहणाऱ्या धाकट्या भाऊजींनी एक पीडीएफ टाकलेली आणि खाली लिहिलेलं, "वहिनी, शुगर सांभाळा हां, एचबीएवनसी ७.४ आहे." हात जोडलेली दोन चित्रं. ग्रुपमध्ये छत्तीस माणसं. त्यात नवऱ्याचे बंगळुरूचे चुलतभाऊ, मुलीचे होणारे सासरे (हो, त्यांनाही कोणीतरी हौसेने ॲड केलेलं) आणि सासूबाई. मी अजून स्वतःला सांगितलं नव्हतं हो मला डायबेटिस आहे म्हणून, आणि इथे बंगळुरूहून मेथीचे दाणे भिजवून खा असा सल्लासुद्धा येऊन गेला.

भाऊजींचा दोष किती म्हणायचा. त्यांना वाटलं वहिनींनीच पाठवायला सांगितला असेल. मूळ भानगड अशी की २०२१ला कोविडमध्ये सगळ्या घराची टेस्ट ह्याच लॅबमध्ये झाली होती आणि तेव्हा सगळ्यांच्या नावापुढे भाऊजींचा एकच नंबर दिला होता कारण बाकीचे सगळे तापाने आडवे. चार वर्षं तो नंबर तिथे झोपून राहिला. ह्यावेळी मी फोन माझ्या नंबरवरून केला, पोराला नंबर माझा दिला, पण कंप्युटरने माझं नाव बघितल्याबरोबर जुनी फाईल उघडली आणि रिपोर्ट तिकडे रवाना. मधे कोणीही "हाच नंबर का?" असं एका वाक्याने विचारलं नाही.

मग चवथ. मूळ घरी सगळे जमतो, माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची सजावट) बांधायची, पंचवीस पानं. यंदा मी नेवऱ्या, म्हणजे करंज्या, भरत बसले होते, खोबरं-गुळाचं सारण माझ्याच हाताने परतलेलं, आणि ताटात माझ्या वाट्याला खतखतं, मुगागाठी, भात आणि नेवरीच्या जागी रिकामी जागा. मावळण, म्हणजे नवऱ्याची आत्या, वाढता वाढता सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "तिका नाका गो, तिका गोड आहे." प्रेमानेच म्हणाली. पातोळी पण दिली नाही, हळदीच्या पानाचा वास नुसता घेतला. एक नेवरी खायची की नाही हे मी आणि माझ्या डॉक्टरीणबाई ठरवू ना? आणि चवथीनंतर मी माझ्या तोंडाने सांगणारच होते. ती संधी गेली, आणि ती मला कोणी परत देऊ शकत नाही.

तुम्ही म्हणाल शुगरचं काय एवढं, घरोघरी आहे. बरोबर. म्हणूनच हसून लिहितेय. पण त्याच लॅबमध्ये त्याच पद्धतीने एखाद्या मुलीची बीटा एचसीजी (गर्भ राहिलाय का ते बघायची टेस्ट) होते, एखाद्याची हेपॅटायटिस होते, एचआयव्ही होते. तिथेही कंप्युटर जुनाच नंबर उचलणार ना.

तक्रार करायला मी स्वतः गेले. काउंटरवर दोन मुली, समोर पंधरा-वीस माणसं, आणि काउंटरच्या ह्या बाजूला, म्हणजे पेशंटच्या बाजूला, एक लांबट वही उघडी. नाव, वय, गाव, फोन, टेस्ट. सही करायला माझ्याकडे सरकवली तर वरच्या आठ ओळी मी उलट्यासुलट्या सगळ्या वाचल्या, त्यातली एक बाई आमच्या वाड्यावरची. मी काही वाचायला गेले नव्हते, समोर होतं म्हणून डोळा गेला. तेवढ्यात आतून एकाने ओरडून विचारलं, "एचआयव्ही कोणाची आहे रे, सँपल कमी पडलं!" काउंटरच्या मुलीने नाव घेऊन हाक मारली. एक पोरगा उठला. बावीस-तेवीसचा असेल. कदाचित ऑपरेशनच्या आधी करतात तशी टेस्ट असेल, कदाचित नोकरीसाठी असेल, काहीही असेल. पण सगळा बाकडा त्याच्याकडे बघत होता आणि तो कुठेच बघत नव्हता.

मला त्या क्षणी म्हापसा आठवलं. माझं माहेर म्हापशाचं. १९८९ला मी आठ वर्षांची, मोठी माणसं एकमेकांच्या कानात काहीतरी बोलायची आणि आम्ही आलो की गप्प. नंतर कळलं ते डॉमिनिक डिसोझाबद्दल. म्हापशाजवळच्या पर्र्याचा माणूस, नेमाने रक्तदान करायचा, त्या रक्तात एचआयव्ही सापडला आणि निरोप घेऊन डॉक्टर नाही, पोलीस आले. म्हापशाच्या जुन्या टीबी सॅनिटोरियममध्ये चौसष्ट दिवस ठेवलं, तेव्हाचा गोव्याचा सार्वजनिक आरोग्य कायदाच तसा होता. त्याची आई लुसी हायकोर्टात गेली. त्याने पुढे एचआयव्हीग्रस्तांसाठी संस्था काढली आणि १९९२ला गेला. म्हणजे एक ब्लड रिपोर्ट चुकीच्या हातात गेला की माणसाचं काय होतं हे गोव्याने तेव्हाच बघितलंय, आणि आमच्या काउंटरवर अजून नाव घेऊन हाका मारतात.

एचआयव्हीपुरता आता वेगळा कायदा आहे, २०१७चा, सप्टेंबर २०१८पासून लागू, त्यात माणसाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करायला बंदी आहे. मानसिक आजाराच्या पेशंटलाही २०१७च्याच दुसऱ्या कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे. पण शुगर, थायरॉईड, किडनी, गर्भ राहिला की नाही, ह्यासाठी असा खास कायदा काही नाही. माझी भाची मिरामारला लॉ शिकते, तिला चवथीच्या दुसऱ्या दिवशी पकडून बसवलं आणि तिच्याकडून जेवढं काढून घेता आलं तेवढं काढलं, ते इथे टाकते, कोणाला तरी उपयोगी पडेल.

ऑगस्ट २०१७मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं, पुट्टस्वामी केस. २०१८ला आरोग्य खात्याने फक्त हेल्थ डेटासाठी एक कायद्याचा मसुदा काढला, दिशा नावाचा, त्यात डिजिटल आरोग्य माहितीचा मालक पेशंट असं सरळ लिहिलं होतं. तो मसुदाच राहिला. मग आला २०२३चा डेटा संरक्षण कायदा, ऑगस्टमध्ये राष्ट्रपतींची सही झाली, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं, आणि लॅबने काय करायचं, संमती कशी घ्यायची ही खरी कलमं त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ला लागू होणार. (माझ्या चवथीला तर नियमसुद्धा आले नव्हते, ह्या तारखा मागाहून कळल्या.) तोपर्यंत आयटी कायद्याचे २०११चे जुने नियम, ज्यात वैद्यकीय रेकॉर्डला "संवेदनशील" असा वेगळा दर्जा तरी आहे. नवीन कायद्यात तो दर्जाच नाही. माझा एचबीएवनसी आणि मी ऑनलाइन मागवलेला कुर्ता, कायद्याच्या नजरेला दोन्ही एकाच टोपलीतले. मला हे सगळ्यात खटकलं.

दंड मात्र जबरदस्त. डेटा नीट सांभाळला नाही तर अडीचशे कोटींपर्यंत. ऐकून मला वाटलं वा, मग तर लॅबवाला मला चवथीला सोन्याची नेवरी देईल, पण भाची म्हणाली मावशी, ते पैसे सरकारच्या तिजोरीत जातात, तुला छदाम नाही. जुन्या आयटी कायद्यात ४३-अ म्हणून कलम आहे, त्यात कंपनीच्या हलगर्जीपणामुळे नुकसान झालं तर भरपाई मागता येते, पण नवीन कायदा पूर्ण लागू झाला की ते कलम निघून जाणार. आणि आपण खोटी किंवा उगाचची तक्रार केली तर उलट आपल्यालाच दहा हजारांपर्यंत दंड! अजून एक गंमत, हा कायदा डिजिटल माहितीसाठी, नाहीतर कागदावरची पुढे कंप्युटरवर चढवली तर त्यासाठी. काउंटरवरची ती लांबट वही नुसती वही म्हणून राहिली तर ह्या कायद्याला ती दिसतच नाही. मी म्हटलं मग ती वही कोणाच्या कायद्यात बसते? तर म्हणे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ बघ, त्यात ग्राहकाने विश्वासाने दिलेली खाजगी माहिती दुसऱ्याला देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे असं लिहिलंय, तिथे कागद की कंप्युटर हा प्रश्न नाही. आयोगात जाता येतं. मी गेले नाही, भाऊजी माझेच आणि ग्रुपही माझाच, कोणाला साक्षीला उभं करू.

एक गोष्ट मात्र कामाची निघाली. नव्या कायद्यात संमती कशी पाहिजे ते नीट लिहिलंय, मोकळ्या मनाने दिलेली, नेमक्या कामापुरती आणि स्पष्ट कृतीने दिलेली. आधीच छापलेली खूण म्हणजे माझी कृती कशी? कायद्यात उदाहरणच आहे, एका टेलिमेडिसिन ॲपने उपचारासोबत फोनमधल्या कॉन्टॅक्ट लिस्टचीही परवानगी मागितली, बाईने दोन्हीला हो म्हटलं, तरी कॉन्टॅक्ट लिस्टची गरज नसल्यामुळे तिची संमती फक्त उपचारापुरतीच धरायची. म्हणजे माझा तिसरा चौकोन उद्या असाच उडेल. आणि राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या बावीस भाषांपैकी कुठल्याही भाषेत ती नोटीस मागता येणार, त्यात कोकणीही आहे आणि मराठीही, म्हणजे आमच्या गोव्यात भांडायला जागा नाही, दोन्ही छापा.

हे सगळं एका मेलमध्ये लिहिलं. सौम्य भाषेत, सर वगैरे. तिसऱ्या दिवशी स्वतः मालक-डॉक्टरांचा फोन आला, हे मला आवडलं. सरळ माफी मागितली, आवाजात खोट नव्हती. नंबर बदलला, माझा तिसरा चौकोन काढून टाकला, वही आतल्या बाजूला घेतली, आणि आता नावाने हाक न मारता टोकन नंबर पुकारतात, मी नंतर जाऊन बघितलं, खरंच. पण मधेच ते म्हणाले, "मॅडम, आम्ही डॉक्टर लोक गुप्तता पाळतोच, आमच्या आचारसंहितेतच आहे." आहे की, २००२च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांत आहे. पण रिपोर्टवर सही डॉक्टरांची असली तरी तो पाठवतो कोण, सॉफ्टवेअर. नंबर टाकतं कोण, काउंटरची मुलगी. टेस्टचं नाव ओरडतो कोण, आतला टेक्निशियन. त्यांच्यापैकी कोणी डॉक्टर म्हणून शपथ घेतलेली नाही, आणि त्यांना कोणी शिकवलेलंही नाही. त्या मुलीला मी विचारलं तर बिचारी म्हणाली, मला तर पहिल्या दिवशी बिल कसं फाडायचं एवढंच दाखवलं.

सुधारणा म्हणून पीडीएफला पासवर्डही आला. पासवर्ड काय, तर नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्माचं साल. छत्तीस जणांच्या ग्रुपमध्ये माझ्या वाढदिवसाला दर वर्षी केक येतो हो. ही किल्ली दाराच्या चौकटीवरच ठेवलेली.

आणि ते फोन. रिपोर्टनंतर चौथ्या दिवशी एक बाई, गोड आवाज, "मॅडम, डायबेटिससाठी आयुर्वेदिक चूर्ण, तीन महिन्यांत गोळी बंद." मग एक हेल्थ पॉलिसीवाला. लॅबनेच नंबर विकला असं मी म्हणणार नाही, माझ्याकडे पुरावा नाही, मी शुगरबद्दल गुगलवर रात्रभर शोधतही होते. डॉक्टर म्हणाले आम्ही कोणाला देत नाही. मग तो चौकोन कशाला छापलाय, विचारलं, तर म्हणाले फॉर्म सॉफ्टवेअर कंपनीकडून तयार आला. म्हणजे मालकालाही माहीत नव्हतं आपण लोकांकडून कशावर सही घेतो ते.

आभा कार्डाबद्दल दोघांतिघांनी विचारलं म्हणून थोडक्यात. काउंटरवर "आभा काढूया का?" विचारतात. सरकारी योजनेतला आपल्या आरोग्य रेकॉर्डचा चौदा आकडी नंबर, ऐच्छिक आहे, नाही म्हटलं तरी टेस्ट करतात, माझी केली. मुळात वाईट नाही, रिपोर्ट जिथे केला तिथेच राहतो आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचा तर तुमची परवानगी मागितली जाते. पण ती परवानगी ज्या मोबाइलवर येते तो तुमचा पाहिजे, भाऊजींचा नको. नोव्हेंबर २०२२मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला तेव्हा तिथले लोक कितीतरी दिवस कागद-पेनावर आले होते, ते मोठं प्रकरण, पेपरात आलं. आमच्याकडे हॅकर लागत नाही. जुना मोबाइल नंबर पुरे.

तर जाणार असाल तर रक्त द्यायच्या आधी मोबाइल नंबर त्यांच्या स्क्रीनवर स्वतःच्या डोळ्यांनी बघा, तोंडी सांगून उपयोग नाही. आधीच्या खुणा पेनाने खोडा आणि शेजारी सही करा. रिपोर्ट नाजूक असेल तर व्हॉट्सॲप नको, येऊन नेते म्हणा, बंद पाकिटात देतात, मागितलं तर.

स्टार. रक्त काढणं पाच. रिपोर्टची अचूकता पाच, दुसरीकडे परत केली, ७.३ आली. तक्रार ऐकणं चार. माहिती सांभाळणं एक, आणि तोही टोकनसाठी. सरासरी काढायचा कंटाळा आला, तीन देत होते.

अपडेट. तीन महिन्यांनी परत एचबीएवनसी केली, ६.६, कारल्याला आणि चालण्याला नमस्कार. रिपोर्ट ह्यावेळी माझ्याच नंबरवर, पासवर्डसकट. खूश होऊन तीनचे चार करणार होते तेवढ्यात भाऊजींचा फोन, "वहिनी, एचबीएवनसीचे ४५० भरले म्हणून मला मेसेज आलाय, कितीवर आली?" रिपोर्टचं सॉफ्टवेअर वेगळं आणि बिलाचं वेगळं, असं काउंटरवरून कळलं. दोन स्टार.